वाऱ्याने न पडणारे मेंढे

“मेंढे मी करून देतो!”

हे वाक्य ऐकून मी स्वतःच मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून! मागे भिंत होती. म्हणजे बोललो मीच.

मी चौतीस वर्षं गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. “जरा हळू बोलता का?” हे माझं आयुष्यातलं सगळ्यांत मोठ्या आवाजातलं वाक्य, आणि तेही मी इतक्या हळू म्हणायचो की समोरचा “काय?” म्हणून ओरडायचा. अशा माणसाने नेमबाजी क्लबच्या जेवणात, साठ लोकांसमोर, बीन्सचा चमचा हातात धरून पोलादी मेंढे करून द्यायचं कबूल करावं, याचं मला आजही नीट स्पष्टीकरण देता येत नाही. बीन्स चांगले झाले होते, एवढंच आठवतं.

हे मेंढे म्हणजे आमच्या खेळातलं शेवटचं जनावर. पोलादी कोंबड्या, डुकरं, टर्की आणि मेंढे, प्रत्येकी दहा, लांब लोखंडी पट्टीवर ओळीने उभे करायचे आणि रायफलीने पाडायचे. मेंढे शंभर मीटरवर, उंचीला माझ्या तळहाताएवढे. आणि नियम असा, की नुसता नेम लागून उपयोग नाही. मेंढा पडला पाहिजे! तो वाजला, डोलला, अगदी गिरकी घेऊन तुमच्याकडे पाठ करून उभा राहिला, तरी शून्य!

मी स्वतः रायफल धरत नाही. मला आवाजाचा त्रास होतो. नेमबाज आहे माझी बायको, व्हरलीन. सत्तरीला आली तरी हात असा स्थिर, की तिने चहा ओतला तर कपातला चहासुद्धा हलत नाही. पण गेली अकरा वर्षं ती दुसरी येते. पहिला येतो हॉयट बॅस्कम. हॉयट म्हणजे सहा फूट दोन इंच उंचीचा, स्वतःच्या विनोदावर आधीच हसून घेणारा माणूस.

गेल्या वर्षी व्हरलीन जवळजवळ जिंकलीच होती. हॉयटचा नववा मेंढा चुकला, हे साऱ्या क्लबने पाहिलं. तेवढ्यात वारा आला. वायोमिंगचा वारा म्हणजे, टोपी उडाली तर आम्ही शोधायला जात नाही, पुढच्या गावात फोन करतो. तो मेंढा डोलला, डोलला आणि पडला! आमची पंच ओपल. वय एक्याऐंशी, गळ्यात शिट्टी. ती म्हणाली, “पडला तो पडला!” हॉयटला गुण मिळाला आणि व्हरलीन एका गुणाने हरली. पुढे आठवडाभर जेवताना मधेच सुरी खाली ठेवायची आणि म्हणायची, “वारा!”

आणि आता हॉयट गाव सोडून ॲरिझोनाला चालला होता, कायमचा. ऑगस्टचा सामना त्याचा शेवटचा.

“जाऊ दे ना,” मी म्हटलं. “तो गेला की पहिली तूच.”

“तो गेल्यावर पहिली येऊन काय करू?” व्हरलीन म्हणाली. “मला पहिलं यायचं नाहीये, ॲल्डन. मला त्याला हरवायचंय!”

म्हणून असेल कदाचित. ओपलने जेवणात जाहीर केलं, की जुने मेंढे गोळ्या खाऊन खाऊन वाकलेत, ते भंगारात दिलेत. नवे कापलेले आकार येतील, पण त्यांना पाय जोडायला कुणीतरी हवं, कारण नेहमी वेल्डिंग करणाऱ्या रूलनच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

मग हॉयट आधी हसला आणि नंतर बोलला, “ॲल्डन? अरे, हा पुस्तकाला पुठ्ठा लावतो तो उलटा लावतो!”

ते एकदाच झालं होतं.

व्हरलीनने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बशीकडे. मी खाल्लं तरी काय, ते बघत असावी.

*

मी आधी चार पुस्तकं वाचली. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की वेल्डिंग पुस्तकातून शिकता येत नाही. छापलेलं खरं मानायची मला जन्माची सवय. त्यामुळे ते पुस्तक पुढे वाचावं की नाही, याचाच विचार करण्यात दोन दिवस गेले.

मग रूलन आपलं मशीन माझ्या गॅरेजमध्ये घेऊन आला. रूलन आमचा शेजारी. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून तो डाव्या हाताने शिकवायचा आणि दोन्ही हातांचं मिळून ओरडायचा.

“हेल्मेट खाली घे. रॉड टेकव. टेकवला की लगेच उचल. काडी ओढल्यासारखं!”

हेल्मेट खाली घेतल्यावर मला काहीच दिसेना. मी रॉड टेकवला. तो चिकटला. ओढला, तर मेंढाही आला. मेंढा ओढला, तर टेबलही आलं!

“सोड!” रूलन ओरडला.

“सोडू काय, तो मला सोडत नाहीये!”

“करंट वाढव. बटण बघ कुठे आहे, अगदी खाली!”

“एवढा पुरे आहे,” मी म्हणालो. मी सगळंच खालच्या बटणावर ठेवतो. रेडिओ, हीटर, आवाज. वर काय असतं, ते मला माहीत नाही आणि उगाच जाऊन बघावंसंही वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात मी वीस पाय जोडले. रूलनने एकोणीस पायांना बुटाच्या टोकाने हलकेच ढकललं. वीसही निघाले.

“हे वेल्डिंग नाही,” रूलन म्हणाला. “हे मेंढ्याने पायावर च्युइंगम थुंकलेलं आहे.”

“पण विसावा पाय?”

“विसावा मी ढकलला नाही. शिंकलो फक्त.”

दुसऱ्या आठवड्यात मी एक मार्ग काढला. एक थर टिकत नाही ना, मग नऊ थर द्यायचे! पाय जोडायचा, वर वेल्डिंग, त्याच्यावर वेल्डिंग, आजूबाजूने वेल्डिंग. शेवटी पाय टिकले, पण मेंढ्यांनी गमबूट घातल्यासारखे दिसू लागले. व्हरलीन एकदा लिंबू सरबत घेऊन आली आणि ओळीकडे बघत उभी राहिली.

“हे मेंढेच ना?”

“हो.”

“बरं. सामन्याला विचारलं कुणी, तर सांगता यावं.”

जुलैअखेर दहा मेंढे आणि त्यांची पट्टी तयार झाली. मी पट्टी अंगणात मांडली, तिच्यावर मेंढे उभे केले आणि जरा लांब जाऊन पाहिलं. आयुष्यात प्रथमच मी हाताने केलेली वस्तू उभी होती! मला भरून आलं. तेवढ्यात वारा आला आणि दहाच्या दहा मेंढे एकामागून एक आडवे झाले, शाळेत प्रार्थनेला बसल्यासारखे.

स्वयंपाकघराच्या खिडकीत व्हरलीन उभी होती. ती एवढंच म्हणाली, “वारा.”

आणि खिडकी लावून घेतली.

इथे मी विचार केला. मी विचार केला नसता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं, पण तेव्हा तो मला बिनचूक वाटला होता. रूलनने मला ‘टाका’ शिकवला होता. टाका म्हणजे वेल्डिंगचा एकच ठिपका, काम हलू नये म्हणून तात्पुरता घालायचा. नंतर हातोडीने टकटक केलं की निघतो. तर मेंढ्याच्या पायाला आणि पट्टीला मिळून एकेक टाका घालायचा! चांगल्या वेल्डरने घातला तर मेंढा पडणारच नाही, हे मला समजत होतं. पण मी कुठे चांगला वेल्डर? माझं वेल्डिंग शिंकेने निघतं! माझा टाका वाऱ्याला जेमतेम पुरेल आणि गोळी लागताच सुटेल. वाऱ्याने पडलेला मेंढा पुन्हा हॉयटच्या नावावर लागायला नको, एवढाच माझा हेतू. या सगळ्या योजनेचा पाया म्हणजे माझा नालायकपणा, आणि त्याबद्दल माझी पक्की खात्री होती. इतकी खात्री मला दुसऱ्या कशाचीच कधी नव्हती.

सामन्याच्या आदल्या दुपारी मी दहा मेंढ्यांना वीस टाके घातले. त्या दिवशी आवाज वेगळा आला. नेहमीच्या फट्‌ फट्‌ ऐवजी तव्यावर बेकन तळावं तसा, सलग. मी ऐकायचं कानातलं मशीन काढून त्याची बॅटरी तपासली. मग मेंढ्यांना आणि पट्टीला पांढरा रंग दिला आणि आत जाऊन जेवलो.

त्याच दिवशी सकाळी, मी पोस्टात गेलो असताना, बरा झालेला खांदा घेऊन रूलन येऊन गेला होता. आपल्या फाटकाची बिजागरी त्याने माझ्या गॅरेजमध्ये जोडली. काम झाल्यावर मशीन बंद केलं. करंटचं बटण मात्र होतं तिथेच राहिलं, वर.

हे मला नंतर कळलं.

*

सामन्याच्या सकाळी दोन धट्ट्याकट्ट्या लोकांनी ती पट्टी मेंढ्यांसकट उचलून खांबांवर ठेवली. एकही मेंढा हलला नाही.

“वा, ॲल्डन!” त्यातला एक म्हणाला. “काय तोल साधलाय!”

मी लाजलो.

कोंबड्या, डुकरं, टर्की ही जुनीच होती. ती संपली तेव्हा व्हरलीनचे गुण पंचवीस, हॉयटचे चोवीस. व्हरलीन पुढे! पण उरले होते मेंढे, आणि मेंढे हॉयटचे लाडके. तो दहातले नऊ पाडतो, डोळ्यांत माशी गेली तरी आठ. व्हरलीन टोपी पुढे ओढून बसली होती. अशा वेळी तिच्याशी बोलायचं नसतं, ते मला चांगलं जमतं.

मेंढ्यांवर पहिला नेम गावच्या दंतवैद्याचा. धाड! टण्ण्!

लागला. पांढऱ्या रंगावर काळा डाग उमटला. मेंढा उभा.

मी वाट पाहिली. टाका सुटायला वेळ लागत असेल. धाड! टण्ण्! दुसरा उभा. दहा गोळ्या, सात टण्ण्, एकही मेंढा आडवा नाही!

“गोळ्या खराब आहेत,” दंतवैद्य म्हणाला आणि सबंध खोकं कचऱ्यात टाकलं.

दुसऱ्याने दुसऱ्या गोळ्या वापरल्या. टण्ण्, टण्ण्. तिसऱ्याने रायफलीवरची दुर्बीण काढून ठेवली. चौथा म्हणाला, हवा जड आहे. पाचव्याने आपली रायफल सहाव्याला देऊन टाकायची तयारी दाखवली. सहावा म्हणाला, नको, मी गळाने मासे धरीन यापुढे! नेहमी पडलेली जनावरं पुन्हा मांडायला कुणीतरी पट्टीपर्यंत जातं. आज एकही पडत नव्हतं, त्यामुळे कुणी तिकडे फिरकलंच नाही.

मला सांगायला हवं होतं. पण लगेच दुसराही विचार आला, आणि तो काही चांगला विचार नव्हता. सगळ्यांनाच शून्य मिळालं, तर व्हरलीन जिंकते! मी फक्त गप्प बसायचं. गप्प बसण्यात माझा चौतीस वर्षांचा अनुभव. माझ्याइतका लायक माणूस सगळ्या जिल्ह्यात नव्हता!

मी तीन मिनिटं गप्प बसलो. मग हॉयट रायफल घेऊन उठला, आणि मला बसवेना. मी ओपलकडे गेलो. तिच्या कानांवर भाजीच्या वाट्यांएवढी, आवाज अडवणारी झाकणं होती.

“ओपल,” मी म्हणालो, “मेंढ्यांच्या पायांना टाके घातलेत.”

“काय?”

“टाके!”

“गोळ्या टाका? टाकल्यात त्याने!”

“नाही! टाके! पायांना टाके!” मी ओरडलो. माझ्या मानाने ओरडलो.

ओपलचे डोळे मोठे झाले. तिने शिट्टी फुंकली. “थांबा सगळे! रायफली खाली! ॲल्डनच्या पायाला टाके पडणार! औषधांची पेटी आणा!”

पुढचं फार भराभर झालं. मला खुर्चीत बसवलं. दोघांनी माझे बूट ओढले, दंतवैद्याने मोजे. पन्नास माणसं माझ्या पायांकडे वाकून बघत होती. मोजा न घालता मी माझे पाय व्हरलीनलासुद्धा फारसे दाखवलेले नाहीत.

“जखम कुठेय?” दंतवैद्याने विचारलं.

“माझ्या नाही,” मी म्हणालो. “मेंढ्यांच्या पायांना.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“किती मेंढे दिसतायत तुम्हाला?” दंतवैद्याने हळूच विचारलं.

“दहा. पांढरे. गमबूट घातलेले.”

“ऊन लागलंय,” तो म्हणाला.

मला तंबूच्या सावलीत नेलं, डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवली आणि हॉयटची बायको नेडा हिला माझ्याजवळ बसवलं. नेडा फार प्रेमळ बाई.

“काही बोलू नका,” ती म्हणाली.

“पण नेडा, मेंढे—”

तिने आणखी एक पिशवी ठेवली. दर वेळी मी ‘मेंढे’ म्हणालो की बर्फ वाढायचा. चौथ्या पिशवीनंतर मी तो शब्द सोडला. माझं मन रमावं म्हणून ती मला ॲरिझोनाबद्दल सांगत राहिली. तिथे वारा नाही. दारात संत्र्याचं झाड आहे. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहते. सतरा वर्षं ती हॉयटच्या मागे लागली होती, तेव्हा कुठे तो तयार झाला. भांडी कागदात गुंडाळून झाली, सगळी खोक्यांत आहेत. मंगळवारी निघायचं. सांगताना तिचे डोळे ओले झाले होते.

मागे हॉयटचे बार वाजत होते. दहा बार, दहा टण्ण्. एकही पडला नाही. शेवटच्या टण्ण्नंतर तो काय बोलला, ते मी लिहू शकत नाही. नेडाने माझ्या कानांवरही बर्फ धरला.

मग व्हरलीन. तिचेही दहा टण्ण्. दहाही उभे.

मग ओपलचा आवाज आला, “व्हरलीन पंचवीस, हॉयट चोवीस! व्हरलीन जिंकली!”

मी बर्फाखालून पाहिलं. अकरा वर्षांनी माझी बायको हसत होती. पूर्ण हसत होती, दातांसकट. हॉयट तिथेच बाकावर बसला होता. त्याने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, “माझे डोळे गेले, व्हरलीन. आता ही रायफल मी धरणार नाही.” तो हसला नाही, ना आधी ना नंतर. हॉयटला तसं बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी उठलो. अनवाणी, डोक्यावर पिशवी धरून मधोमध गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. पण त्याची गरज पडली नाही. सकाळी पट्टी उचलणारा तो धट्टाकट्टा माणूस तेवढ्यात मेंढे काढायला गेला होता. त्याने एक मेंढा शिंगाला धरून उचलला.

त्याच्याबरोबर उरलेले नऊ आणि सगळी पट्टीही उठली!

सगळे पट्टीकडे बघायला लागले. मग सगळे माझ्याकडे वळले. माझ्या पायांकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, एवढंच समाधान.

“चिकटवलेत!” हॉयट ओरडला. बाकावरून उठताना तो एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. “लबाडी! बायकोला जिंकवायला नवऱ्याने मेंढे चिकटवले!”

“लबाडी? आणि हा?” व्हरलीन पुढे आली. “हॉयट, हा माणूस पत्त्यांत जिंकला तर समोरच्याची माफी मागतो! ॲल्डन, सांग सगळ्यांना. काय केलंस तू?”

मी सांगितलं. वारा, टाका, गोळीने सुटेल ही कल्पना, आणि माझ्या वेल्डिंगवरचा माझा अविश्वास. बोलायला मला अर्धं मिनिट लागलं. कुणीच विश्वास ठेवेना.

मग उशिरा आलेला रूलन हातोडा घेऊन पट्टीपाशी गेला. त्याने पहिल्या मेंढ्याला ठोका मारला. मेंढा उभा. जोरात मारला. पट्टी वाकली, मेंढा उभा! रूलन गुडघ्यांवर बसला, टाक्यावरून अंगठा फिरवला आणि डोक्यावरची टोपी काढली.

“ॲल्डन, हा तू घातलास?”

“चुकून.”

“चाळीस वर्षं मी हे काम करतोय,” रूलन घोगऱ्या आवाजात म्हणाला. “असा टाका माझ्या हातून दोनदा पडला असेल.”

आयुष्यात माझ्या हाताला मिळालेली ही एकमेव शाबासकी. तिच्याकडे तेव्हा नीट लक्ष देता आलं नाही.

“कापा ते टाके!” हॉयट म्हणाला. “पुन्हा नेम धरू! आत्ता!”

पण कापायचे कसे? ग्राइंडरने ठिणग्या उडतात, आणि ऑगस्टात आमच्या गवताला ठिणगी चालत नाही. महिनाभर बंदी असते. जुने मेंढे भंगारात गेलेले. ओपलने नियमांचं पुस्तक उघडलं, बोट ठेवून वाचलं आणि बंद केलं.

“मेंढा पडला पाहिजे. कुणाचाच पडला नाही. म्हणून सगळ्यांना शून्य, सगळ्यांना सारखं. का पडला नाही, ते पुस्तक विचारत नाही. गेल्या वर्षी पडला तेव्हाही विचारलं नव्हतं, हॉयट! पंचवीस विरुद्ध चोवीस.”

हॉयट लाल झाला. मग जांभळा.

“हे कपाळावर घेऊन मी ॲरिझोनाला जाणार नाही!”

“हॉयट,” नेडा म्हणाली.

“नाही जाणार! पुढच्या ऑगस्टात, पडणाऱ्या मेंढ्यांवर, ह्या बाईला हरवीन, मग जाईन!”

“हॉयट, घर विकलंय आपण.”

“तरी नाही जाणार!”

व्हरलीनकडे मी पाहिलं. मघाशी जिंकली तेव्हा हसली होती, त्याहून मोठं हसू आता तिच्या चेहऱ्यावर होतं. तिचा हॉयट परत मिळाला होता! माणूस आनंदात काहीही बोलून जातो. मी बीन्स खाताना बोललो होतो. ती म्हणाली, “मग आमच्याकडे राहा ना, घर मिळेपर्यंत!”

परत येताना ट्रकमध्ये तिने विचारलं, “खरं सांग. माझ्यासाठी मुद्दाम केलंस?”

“नाही गं. मला खरंच वाटलं सुटतील.”

“तेच म्हटलं,” ती म्हणाली आणि रेडिओ लावला.

त्याला आता अकरा महिने होत आले. हॉयट आणि नेडा माझ्या पुस्तकांच्या खोलीत राहतात. पुस्तकं खोक्यांत आहेत आणि खोकी नेडाच्या भांड्यांच्या खोक्यांवर रचली आहेत. हे मी गॅरेजमध्ये बसून लिहितोय. सकाळी हॉयट आणि व्हरलीन नेम धरायला एकत्र बाहेर पडतात आणि भांडत परत येतात. दोघांच्या तब्येती सुधारल्या आहेत. हॉयटला गावात पसंत पडेल असं घर अजून मिळालेलं नाही, आणि तो फार शोधतो असंही मला दिसत नाही.

यंदाचे मेंढे समितीने रूलनकडे सोपवले आहेत. माझ्याकडे नेडाची समजूत काढायचं काम आहे. ती गेल्या ऑगस्टपासून माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही, त्यामुळे काम तसं शांततेत चाललं आहे.